पॉइंट टू-टूला कुठली गोळी लागू पडते, ते कसं शोधायचं

"मॅडम, सगळ्यात भारी राउंड कुठला ते सांगा, तोच घेऊन टाकतो." द्राक्षांचा माल गेला की निफाड-पिंपळगावकडचे, रायफल नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचे पालक हे हमखास विचारतात. मी उत्तर देत नाही, उलट विचारते: रायफल कुठली, आणि विक्रेत्याकडे आत्ता कुठले लॉट, म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या खेपा, आहेत? कारण सगळ्यात भारी राउंड (काडतूस) असं काही नसतं. तुमच्या नळीला जो लागू पडेल तो भारी. शेजारच्या लेनवर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची रायफल असली तरी तिला दुसराच लॉट आवडू शकतो.

हे असं का होतं, ते काडतुसाच्या पोटात आहे. पॉइंट टू-टू (०.२२ इंची) काडतूस रिमफायर जातीचं, म्हणजे पेट घेणारा बार बुडाच्या कडेत भरलेला असतो. ओला मसाला पितळी टोपीत टाकून ती गरगर फिरवतात आणि मसाला कडेच्या पोकळीत जाऊन बसतो. तो सगळीकडे सारखा बसला तर पेट सारखा. एका बाजूला कमी बसला, की वेग बदलला. आत दारू चिमूटभर, पुढे ४० ग्रेनची म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. एवढ्याशा मामल्यात थोडं इकडचं तिकडे झालं तरी कागदावर दिसतं. हिशोब करून बघा: टार्गेट राउंड साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, ५० मीटरवर पोचेपर्यंत १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. दोन राउंडच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर वर-खाली सुमारे ७ मिलिमीटर गेले. ५० मीटरच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही श्वास, ट्रिगर, सगळं नीट केलंत आणि तरी टेनचा नाइन होऊ शकतो.

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तेव्हा पात्रता फेरीत त्याचा स्कोअर होता ६० शॉटमध्ये ५९०. दहाच गुण गेले, आणि तरी तो सातव्या नंबरवर होता. या पातळीला राउंडचा दोष अंगावर घेणं कुणालाच परवडत नाही. आपल्या जिल्हा स्पर्धेत परवडतं, हेही खरं. ज्या पोराचा होल्डच (नेमावर रायफल स्थिर धरणं) अजून आठच्या रिंगेत फिरतोय त्याला महागडा राउंड घेऊन देऊ नका. खडकीच्या कारखान्याचा राउंड एनसीसीत आम्ही कितीतरी मारला, शिकण्यापुरता तो पुरेसा होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. राउंड परवान्यावरच मिळतात, परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकेच, आणि परवानाधारक विक्रेता किंवा संघटनेकडूनच. नाशिक शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात, सिन्नर-निफाडवाल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालयात. ज्युनिअर पोरं क्लबच्या रायफलीवर, क्लबच्या राउंडवर मारतात. आणि चाचणी म्हणजे मान्यताप्राप्त रेंजवर, रेंज ऑफिसरसमोर. मळ्यात, बांधावर अजिबात नाही.

आता खरेदी. पेटीवरचं नाव नंतर वाचा, आधी लॉट नंबर बघा. एका पेटीत ५० राउंड, दहा पेट्यांची एक ब्रिक, दहा ब्रिकची एक केस. एका लॉटचे राउंड एकाच खेपेत, एकाच मशीनवर भरलेले असतात, म्हणून शितावरून भाताची परीक्षा लॉटपुरती चालते. ब्रँडला ती लावू नका. गेल्या वर्षीचा एली कंपनीचा टेनेक्स राउंड तुमच्या नळीला लागू पडला, म्हणून यंदाचाही पडेल असं नाही. एलीच्या पेटीवर लॉटसोबत कारखान्यात मोजलेला वेगही छापतात, तो आकडा वहीत लिहून ठेवा. चांगल्या गेलेल्या लॉटचा वेग लक्षात राहिला तर पुढच्या वेळी शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. एवढाच त्याचा उपयोग, त्यावरून लॉट विकत घेऊ नये.

नावांमध्ये हरवू नये म्हणून सांगते. लापुआ, बर्मिंगहॅमची एली आणि जर्मनीतल्या फ्युर्थची आरडब्ल्यूएस, मॅचसाठी पोरं या तिघांभोवती फिरतात. लापुआचे पॉइंट टू-टू राउंड जर्मनीत श्योनेबेकला बनतात, आणि एसके नावाचा राउंडही तिथलाच. म्हणून सरावाला एसके आणि मॅचला लापुआचा सेंटर-एक्स किंवा मिडास ही जोडी मला व्यवहारी वाटते. हाय व्हेलॉसिटी लिहिलेला राउंड मात्र टार्गेटला घेऊ नका. वेग जास्त तर वारा कमी लागेल असं पोरांना वाटतं, होतं उलटं: तो आवाजाच्या वेगापुढे निघतो, वाटेत झपाट्याने मंदावतो आणि आडव्या वाऱ्यात संथ राउंडपेक्षा जास्त वाहतो.

नाशिकमध्ये बसून निवड मोठी नसते. जे येतं त्यातून घ्यायचं. म्हणून तीन-चार जणांनी मिळून चार वेगवेगळ्या लॉटच्या एकेक-दोनदोन पेट्या मागवाव्यात, आणि विक्रेत्याला आधीच विचारावं की यातला पसंत पडला तर त्याच लॉटच्या ब्रिक शिल्लक ठेवाल का. तो 'नाही' म्हणाला तर तो लॉट तपासूच नका. आवडलेला लॉट मिळणारच नसेल तर नुसती हळहळ.

चाचणीच्या आधी रायफल बघा. ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताणावर घट्ट आहेत का, साइट हलते का. नळी साफ करा, रॉड चेंबरच्या (राउंड बसतो त्या जागेच्या) बाजूने घालून. चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं साचलेलं असतं ते नीट काढा, नाहीतर बिचाऱ्या राउंडवर खापर फुटतं. साफ केलेली नळी लगेच खरं बोलत नाही. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि गोळ्या नळीला ते मेण लावत जातात. कंपनी बदलली की पंधरा राउंड नुसते बॅकस्टॉपमध्ये (टार्गेटमागच्या आडोशात) जाऊ द्या, त्यांचा हिशोब धरू नका. त्यानंतर दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेले पुंजके. झाले ४५. पेटीतले पाच उरतात, ते अडीअडचणीला. एकाच कंपनीचे दोन लॉट असतील तर आलटून-पालटून मारा: पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. म्हणजे वारा आणि तुमचा थकवा दोघांच्या वाट्याला सारखा येतो.

ग्रुप दहाचाच हवा. तीन शॉटचा सुंदर ग्रुप मोबाइलवर फिरवायला ठीक, त्यावरून पैसे खर्च करू नयेत. पाचचाही नशिबाने जमून येतो.

बेंचवर बसा, पुढे आणि मागे वाळूची पिशवी. साइट अशी लावा की गोळ्या ज्यावर नेम धरता त्याच्या थोड्या बाजूला पडतील, नाहीतर नेमाची जागाच फाटून जाते. आणि चाचणी संपेपर्यंत साइटला हात लावायचा नाही. वारा नसताना मारा. गंगापूर धरणाच्या बाजूला दुपारनंतर झुळका सुरू झाल्या की मी चाचणी थांबवते, कारण सेकंदाला एक मीटरचा आडवा वारा, जो गालाला जेमतेम जाणवतो, तो ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिलिमीटर सरकवतो. लेनमध्ये दोन ठिकाणी काठीला लोकरीचा धागा बांधलात तरी पुष्कळ कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही. मारणाऱ्याला राउंड कुठला ते कळता कामा नये. माझी भाची पेट्या आपल्या सॅकमध्ये ठेवते, साध्या प्लास्टिकच्या डबीत दहा-दहा राउंड काढून देते, आणि कुठल्या ग्रुपला कुठला लॉट हे तिच्या वहीत. महाग पेटी समोर असली की माणूस ट्रिगर जरा जास्त जपून दाबतो, आणि वाईट शॉट गेला की "हा माझा होता" म्हणून सोडून देतो. स्वस्त राउंडचा तोच शॉट राउंडच्या माथी. शॉट आपला होता की नाही, ते दुर्बिणीत बघायच्या आधी मोठ्याने सांगायचं. बघितल्यावर सांगितलेलं धरायचं नाही. या पद्धतीने मधल्या किमतीचा लॉट पहिला आला की पालकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

घरी आल्यावर ट्रेसिंग पेपर. नेमाच्या केंद्रावर खूण करून एका लॉटचे तिन्ही ग्रुप एकाच कागदावर उतरवा, तीस ठिपके. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर तेच काम आकड्यांवरून होतं. नुसतं सगळ्यात लांबच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजू नका, पुंजका कसा दिसतो ते बघा. उभी रांग दिसली तर वेग सारखा नाही. आडवी दिसली तर वाऱ्याने किंवा तुमच्या धरण्याने घोळ केला, तो लॉट पुन्हा मारा. पुंजका घट्ट, पण तिसात दोन-तीन खाली गळलेले असतील तर तो लॉट मी सोडते, सरासरी कितीही छान असली तरी. मॅचमध्ये तेच दोन-तीन आडवे येतात.

किती घट्ट म्हणजे चांगलं? टेनचा व्यास १०.४ मिलिमीटर, गोळी ५.६ची, आणि रेषेला नुसती चाटली तरी टेन. म्हणजे कडेपासून कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरमध्ये बसणारा ग्रुप, नेम बरोबर मध्यावर असेल तर, सगळे टेन. चांगल्या मॅच रायफलीत चांगला लॉट १६ ते १८मध्ये राहतो. दशांशात गुण मोजतात तिथे हा फरक भरून येतो. क्लबच्या जुन्या रायफलीत २५ आले तरी नाराज होऊ नका. काडतुसं तराजूवर तोलणं, बुडाच्या कडेची जाडी मोजून ढीग लावणं, हे उद्योग स्वस्त राउंडला थोडेफार फळतात. मॅच राउंडवर तो वेळ घालवण्यापेक्षा ड्राय फायर (रिकाम्या रायफलीने सराव) करा.

पहिल्या दोन नंबरांवर आलेल्या लॉटची दुसरी पेटी दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. शक्य असेल तर डिसेंबरच्या सकाळी. निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा दारू मंद जळते आणि मेण कडक होतं. उन्हाळ्यात सरळ चाललेला लॉट थंडीत उभा पसरू शकतो. थंडीत राउंड शर्टाच्या खिशात गरम करायची युक्ती करू नका, खिशातला कचरा मेणाला चिकटतो. आणि तापलेल्या चेंबरमध्ये राउंड घालून वाऱ्याची वाट बघत बसू नका, तो वर जातो. एखादा नेहमीपेक्षा हलका 'फुस्स' वाजला तर पुढचा भरायचा नाही, रायफल उघडून नळीतून उजेड दिसतो का ते आधी बघायचं. पेटलाच नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

लॉट ठरला की परवाना आणि खिसा देईल तेवढा एकदम घ्या. कुलपात, कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही, मेण वितळून पेटीला लागतं. शेवटच्या दोन ब्रिक उरल्या की पुढचा शोध सुरू करायचा, आणि त्यातली एक पेटी जपून ठेवायची. नवे लॉट आले की तीही डबीत घालून भाचीकडे देते. जुन्याला जो हरवेल तोच घ्यायचा.