चेरीवाला लिप बाम घ्यायचा का? आधी ओठ दाखवा

गेल्या रविवारी भाचीने एका लिप बामचा फोटो पाठवला. चेरीच्या वासाचा, ओठांवर लालसर झाक आणणारा, मेडिकलच्या काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांशेजारी उभा असतो ना, तोच. खाली तीन शब्द : ‘मावशी, घेऊ का?’ मी दादर पश्चिमेला एका मेडिकलमध्ये 14 वर्षं फार्मासिस्ट आहे. असले बाम रोज विकते. तरी मला पटकन ‘घे’ लिहवेना. उलट तिलाच लिहिलं, ‘तुझ्या ओठांचा फोटो पाठव.’ तिला वाटलं मी फिरकी घेतेय.

फिरकी नव्हती. हा बाम मागणारी गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात. काहींचे ओठ ठणठणीत असतात, त्यांना लिपस्टिकची कटकट नको पण थोडा रंग हवा असतो. बाकीच्यांचे ओठ फुटलेले असतात आणि त्यांना वाटतं, रंगही येईल आणि ओठही बरे होतील, एका पैशात दोन कामं. पहिल्यांनी खुशाल घ्यावा. दुसऱ्यांना मी परत पाठवते. शेठ समोर असतील तर जरा हळू आवाजात.

म्हणून सुरुवात आरशापासून करा. सकाळी दात घासून झाले की ओठ कोरडे करा, काहीही लावू नका आणि 15 मिनिटांनी खिडकीच्या उजेडात बघा. बाथरूमचा पिवळा बल्ब नको, त्यात सगळ्यांचेच ओठ छान दिसतात. सालपटं निघताहेत? ठेचा किंवा लोणचं खाताना चुरचुरतं? कोपऱ्यात चीर आहे? यातलं एकाला जरी ‘हो’ असेल, तर रंगीत बाम आठ-दहा दिवस लांबणीवर टाका. तोवर साधी पेट्रोलियम जेली, वास आणि रंग नसलेली. रात्री झोपताना जाडसर थर, दिवसा जेवणानंतर पुन्हा. व्हॅसलीनचं पेटंट 1872 चं आहे, म्हणजे हा काही नवा शोध नाही. ओठांना बाकीच्या त्वचेसारख्या तेलग्रंथी नसतात आणि वरचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे आतलं पाणी भराभर उडतं. जेली त्यावर झाकण ठेवते. बस, एवढंच काम. पण फुटलेल्या ओठाला तेवढंच हवं असतं. रंगीत बामात झाकणाच्या जोडीला सुगंध, चव आणि रंग येतात, आणि हे तिन्ही उघड्या चिरेवर झोंबू शकतात. मेन्थॉल किंवा कापूर असेल तर विचारूच नका. गार लागलं म्हणजे औषध लागू पडलं, असं लोक समजतात. ती फक्त चुणचुण असते.

मुंबईच्या एवढ्या दमट हवेत ओठ फुटतात कसे, हे मला गिऱ्हाइकं विचारतात. मी त्यांना विचारते, ऑफिसात एसीखाली बसता का? आणि बायकांना आणखी एक विचारते, सकाळपासून पाणी किती प्यायलात? डोंबिवलीहून येताना मी स्वतः घोटभरच पिते, कारण मध्ये कुठे जायची सोय नसते. मग घसा कोरडा, ओठ कोरडे आणि जीभ सारखी ओठांवरून फिरते. लाळ वाळताना ओठांचं पाणीही घेऊन जाते, शिवाय तिच्यात अन्न पचवणारे घटक असतात, ते वेगळेच. जीभ फिरवायची सवय असेल तर चेरीच्या चवीचा बाम म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. गोड लागतो म्हणून आणखी चाटला जातो.

दोन जणांना मी बाम न विकता वेगळंच सांगते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेणाऱ्या मुलामुलींचे ओठ हमखास सुकतात, तो त्या औषधाचाच गुण आहे. त्यांना दिवसातून कितीदा तरी साधी जेली किंवा बिनवासाचा घट्ट बाम लागतो, चेरी पुरी पडत नाही. आणि ज्यांचे ओठांचे कोपरेच फाटलेत, किंवा ओठावरची जखम तीन आठवडे बरी होत नाही, त्यांनी डॉक्टरकडे जायचं. एका काकूंचे ओठ मात्र नुसते टूथपेस्ट बदलल्याने बरे झाले. दालचिनीच्या चवीची होती ती. मला सुचलं ते योगायोगानेच, काकू पिशवीतून पेस्ट काढून दाखवत होत्या म्हणून.

आता ओठ ठीक असलेल्यांकडे येते, म्हणजे भाचीकडे. तिचे होते.

तिला म्हटलं, काउंटरवर गेलीस की पुढची बाजू बघू नकोस, ती फळांच्या चित्रांसाठी असते. मागची बाजू वाच. आधी वजन. निव्हियाची फ्रूटी शाइन 4.8 ग्रॅमची, मेबलीनची बेबी लिप्स 4 ग्रॅमची. हातात दोन्ही सारख्याच वाटतात, म्हणून एमआरपीशी एमआरपी लावून उपयोग नाही. हल्ली पाकिटावर एका ग्रॅमचा भावही छापतात, बारीक अक्षरात, पण असतो. समजा 4.8 ग्रॅमची स्टिक 180 रुपयांना असेल तर ग्रॅमला साडेसदतीस रुपये. महाग वाटतं ना? मी दिवसातून तीनदा लावते, मला एक स्टिक अडीच महिने जाते. म्हणजे दिवसाला सव्वादोन-अडीच रुपये. रंगाचे म्हणून हे पैसे मला जास्त वाटत नाहीत. ओठ मऊ राहावेत एवढ्यासाठीच द्यायचे असतील तर जास्त आहेत, कारण तेवढ्या पैशात जेलीची मोठी डबी येते आणि ती घरभर पुरते, टाचांनासुद्धा.

मग घटकांची यादी. जे जास्त ते आधी लिहितात, शेवटची चिल्लर सोडली तर हा क्रम पाळला जातो. पहिल्या पाच-सहा नावांत पेट्रोलेटम (म्हणजे तीच जेली), मेण, शिया बटर यांतलं काही असलं की बरं. ‘रिसिनस कम्युनिस सीड ऑइल’ असं भारदस्त नाव दिसलं तर घाबरू नका, ते एरंडेल आहे. आजी नाक दाबून पाजायची तेच. लिपस्टिकची चमक बऱ्याचदा त्याचीच असते. क्वचित कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असते, तेव्हा ओठ प्रत्येक लिपस्टिकने खाजत असतील तर हे नाव लक्षात ठेवा.

यादीच्या शेवटी ‘सीआय’ आणि पुढे पाच आकडी नंबर असतात, ते रंग. यातले दोन-तीन ओळखता आले की पुरे. 75470 म्हणजे कार्माइन. हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. आमच्याकडे जैन गिऱ्हाइकं बरीच, त्यांना मी हे न विचारता सांगते. पुष्कळ पाकिटांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपकाही असतो, तोही बघावा. 45410 आणि 45380 हे जरा जादूचे. स्टिक फिकी दिसते, ओठावर गेली की गुलाबी उमटते, आणि बाम पुसला गेला तरी रंग रेंगाळतो. ‘तुमच्या ओठांचा खास गुलाबी’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा याच जातीचा रंग असतो. वाईट नाही, पण नुसतं नळीकडे बघून रंग ठरवलात तर फसाल.

एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, छापला असेल तर चांगलंच, दोन स्टिकमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर मी एसपीएफवाली उचलते. बेबी लिप्सवर 20 छापलेलं मी विकत आलेय. मात्र तो आकडा प्रयोगशाळेत चौरस सेंटीमीटरला 2 मिलीग्रॅम एवढा जाड थर देऊन काढतात. आपण एक हात फिरवतो आणि टोपण बंद होतं. फेरीवर असाल, स्कूटरवर असाल, तर दर दोन तासांनी लावा, नाहीतर तो आकडा पाकिटावरच राहील.

रंग कसा बघायचा? मेडिकलमध्ये टेस्टर नसतो, सील फोडलं की ते आमच्या गळ्यात पडतं. ज्या दुकानात टेस्टर असतो तिथे तो थेट ओठांना कधी लावू नका. तोंडावर तापाचे फोड उठतात ना, त्याचा विषाणू असा फिरू शकतो. मैत्रिणीचा बाम लावण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, कितीही जिवलग असली तरी. बोटाच्या पेरावर लावून बघा, मनगटावर नको. पेराचा लालसरपणा ओठांच्या जवळचा असतो. आपल्याकडे बहुतेकींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा सावळा असतो. फिका पीच तिथे राखाडी दिसतो आणि फिकट गुलाबी दिसतच नाही. चेरी, बेरी, डाळिंबी यांची झाक तरी कळते. भाचीला पीच आवडला होता. मी चेरी घे म्हटलं. ‘बाई दिसेन मी,’ म्हणाली. 19 वर्षांची आहे.

आणि घ्यायचा कुठून? पाच वर्षांपूर्वी मी, औषधं विकणारी बाई, लेडीज डब्यात ‘शंभरला तीन’ घेऊन बसले. मुलगी क्लिपा, टिकल्या, कानातली विकत होती, तिच्याच ट्रेमध्ये हे. नाव ओळखीचं, नळीचा रंग ओळखीचा. ठाण्याला लावला, घाटकोपरला खाज, दादरला उतरले तेव्हा ओठ असे सुजले होते की शेठ म्हणाले, ‘आज काउंटरवर नको, आत बिलं बघ.’ घरी येऊन नळी नीट बघितली. बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. हे चार छापलेले असतील तरच विश्वास. बाहेरदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ताही हवा. त्या मुलीकडून मी अजूनही क्लिपा घेते. क्लिपा उत्तम असतात तिच्याकडे.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एकदाच लावा, संध्याकाळी. लग्नाला निघताना पहिल्यांदा लावू नका. फार संवेदनशील कातडी असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघणं उत्तम, पण मला माहीत आहे, कुणी करत नाही. निदान एक दिवस तरी थांबा. ओठ जळजळले नाहीत तर रोजच्या दिवसात तो कसा टिकतो ते बघा. माझं सांगते : डोंबिवली स्टेशनला लावला, तर दादरच्या पुलावर रंग असतो. दुकानासमोरच्या कटिंग चहाच्या ग्लासवर तो निघून जातो. दुपारी डबा खाल्ल्यावर दुसरा हात. एसीत बसणाऱ्यांना अकरा वाजताच लागेल. तुम्हाला तासातासाला लावावासा वाटत असेल, तर सवय लागली वगैरे काही नाही, बामात ‘लागण्याजोगं’ काही नसतं. एक तर तो तुमच्या ओठांना पुरत नाहीये किंवा त्यातलं काहीतरी झोंबतंय. आठ दिवस साध्या जेलीवर या, फरक पडतो का बघा.

मे महिन्यात पर्स खिडकीशी ठेवू नका. स्टिक मऊ पडते, उभी राहत नाही, आणि वर बारीक थेंब येतात. गिऱ्हाइकं घाबरून परत घेऊन येतात, ‘ताई, खराब निघाला.’ खराब नाही, उकाड्यात तेल बाहेर येतं, बामालाही घाम फुटतो म्हणा. फ्रिजच्या दारात रात्रभर ठेवा, घट्ट होईल. वास खवट आला तर मात्र तारीख न बघता फेका.

शेवटी नळी पूर्ण वर फिरवूनही तळाशी बाम अडकून राहतो. चांगले आठ-दहा दिवसांचा असतो तो, आणि आपण साडेसदतीस रुपये ग्रॅमने मोजलेत. हेअरपिनच्या मागच्या टोकाने कोरून काढायचा, कुंकवाच्या रिकाम्या, धुऊन पूर्ण सुकवलेल्या डबीत भरायचा आणि डबी गरम पाण्याच्या वाटीत दोन मिनिटं ठेवायची. वितळून सपाट बसतो. तेवढं मात्र स्वच्छ बोटानेच लावायचं.