घरून कामासाठी रेझ्युमे लिहिताना

गेली सहा वर्षं मी कराडहून मराठी ट्रान्सक्रिप्शन करते. मुलाखती, व्याख्यानं ऐकून टाईप करायची. परवा शेजारच्या वहिनी त्यांचा रेझ्युमे घेऊन आल्या. अर्धं पान जन्मतारीख, जात, नवऱ्याचं नाव, आधार क्रमांक यातच गेलेलं. कामाबद्दल एकच ओळ: 'मराठी टायपिंग येते.'

ते अर्धं पान आधी काढलं. नाव, गाव, फोन, ईमेल पुरे. आधार-पॅन अनोळखी माणसाला देऊच नका.

मग त्या एका ओळीला धरून बसलो. वेग किती? वहिनींचं जीसीसी-टीबीसीचं, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेचं, मिनिटाला ४० शब्दांचं सर्टिफिकेट कपाटात पडून होतं! कळफलक इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी), टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा पद्धतीत. युनिकोड आवर्जून लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की वाचताच येत नाही. ओळ अशी झाली: 'मराठी टायपिंग ४० शब्द प्रतिमिनिट (जीसीसी-टीबीसी उत्तीर्ण), युनिकोड, इन्स्क्रिप्ट.'

"मधली आठ वर्षं घरीच होते, तिथे काय लिहू?" वहिनींचा आवाज बारीक झाला. अहो, पाच वर्षं बचत गटाचा हिशेब कुणी ठेवला? वीस जणींचे हप्ते, बँकेतला भरणा, दर महिन्याच्या महिन्याला, कुणी मागे न लागता. घरून काम देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, कारण तो आपल्याला बघत नसतो. तारखांसकट लिहिलं.

ऑफिसात लाईट, नेट कंपनीचं. घरी ते आपल्यावर. सुरुवातीला माझ्या हातचं एक काम गेलं, कारण 'लाईट गेली तर?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून माझ्या रेझ्युमेत ही ओळ असते: 'ब्रॉडबँड, शिवाय मोबाईल डेटा; इन्व्हर्टर ३ तास; कामाची वेळ सकाळी १० ते २, रात्री ९ ते ११.' जी वेळ खरंच देता येईल तीच लिहा. तासाभराच्या स्वच्छ ऑडिओला मला साडेचार तास लागतात, तेही मी लिहिते.

नमुना जोडा, पण आधीच्या ग्राहकाची फाईल नको. ती त्याची खासगी असते. वहिनींनी आकाशवाणीच्या बातम्यांची पाच मिनिटं ऐकून टाईप केली.

एकच पान, साधी मांडणी, पीडीएफ. फाईलला स्वतःचं नाव. आणि काम देण्याआधी नोंदणी फी मागणाऱ्याला रेझ्युमे पाठवूच नका.