निळ्या उजेडात झोआ वाढवताना: डोळ्यांवर विसंबू नका

रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, झोअँथिड, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत झोआ, हा सोपा प्रवाळ मानतात आणि ते खरंही आहे. तरी नवख्यांच्या हातून तो जातो. कारण बहुतेक वेळा उजेडाचा अंदाज चुकलेला असतो.

450 नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्ल्यू प्रकाश माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या तुलनेत जेमतेम चार टक्के जाणवतो. पांढऱ्या दिव्यात लख्ख दिसणारी टाकी निळ्यावर नेली की अंधारी वाटते. हात आपोआप डिमरकडे जातो, 40 टक्क्यांचे 80 होतात आणि चार दिवसांत पॉलिप, म्हणजे झोआची फुलांसारखी छोटी तोंडं, मिटून बसतात. मोबाइलवरचं लक्स ॲपही इथे फसवतं, कारण लक्स हे मापच माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. झोआ मात्र स्वतःत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाच्या जिवावर जगतो, आणि त्या शैवालाचं हरितद्रव्य नेमका हाच निळा भरभरून शोषतं.

म्हणून मोजायचा तो पार (PAR), म्हणजे शैवालाला अन्न बनवायला उपयोगी पडणारा प्रकाश. पार मीटर महाग असतो, तेव्हा चौघांत एक घ्या किंवा दोन दिवसांसाठी मागून आणा. जुन्या पद्धतीचे सेन्सर निळा कमी दाखवतात, हे लक्षात ठेवा. झोआसाठी 75 ते 125 पार पुरेसा, नवीन आणलेल्या तुकड्याला 50 ते 60. टाकीच्या मधोमध आणि कोपऱ्यात दुपटीचा फरक सहज निघतो, त्यामुळे एकाच जागी मोजून भागत नाही. निदान पाच ठिकाणी सेन्सर खडकाच्या उंचीवर धरा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा.

दिव्याचे चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे एलईडी, असे ठेवा (आकडे नॅनोमीटरचे): 445 ते 455 चा रॉयल ब्ल्यू हा मुख्य, 465 ते 475 चा निळा त्याच्या निम्मा-पाऊण, 400 ते 420 चा जांभळा थोडा, पांढरा पाच-दहा टक्के, लाल-हिरवा जवळपास बंद. टक्केवारी दिव्यागणिक बदलते. शेजाऱ्याचं सेटिंग उतरवून घेऊ नका, पार जुळवा. दिवा नवीन असेल तर ठरवलेल्या जोराच्या एक-तृतीयांशावर सुरू करा आणि दर आठवड्याला पाच टक्के चढवा. काही आठवडे लागतील. घाई केली की तुकडा पांढरा पडतो आणि सगळं पहिल्यापासून.

निळ्याखेरीज झोआ जगतच नाही, असं मात्र नाही. गोव्यातल्या हणजूणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला ते भर उन्हात उघडे पडलेले दिसतात, तपकिरी-हिरवट, अजिबात न झळकणारे. टाकीतला तो नारिंगी-पोपटी झगमगाट म्हणजे अंगातली प्रथिनं निळा शोषून दुसऱ्या रंगात परत टाकतात त्याचा परिणाम. इथेच आणखी एक गफलत होते. ही प्रथिनं प्रवाळाची स्वतःची, त्यामुळे शैवाल निघून गेल्यावरही ती काही काळ चमकत राहतात. निळ्या उजेडात ठणठणीत दिसणारी वसाहत आतून फिकी पडलेली असू शकते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फक्त पांढरा दिवा लावून बघा. झोआ खाणारी न्युडिब्रांक गोगलगाय आणि तिची अंडीही तेव्हाच दिसतात, कारण ती झोआचाच रंग घेऊन बसते.

पॉलिप लांब देठावर मान उंचावून उभे असतील तर उजेड कमी. खडकाला चिकटून आखूड, कडा फिकट, दिवसाही अर्धवट मिटलेले असतील तर जास्त. एकच पॉलिप मिटला असेल तर दिव्याला हात लावू नका. आधी त्याच्यावर काही बसलंय का, प्रवाह थेट आदळतोय का ते पाहा.

आता गोव्याचं म्हणून जे आहे ते. एप्रिल-मे मध्ये दिव्याची ऊब आणि दुपारचा उकाडा एकत्र आले की पाणी 29-30 अंशांवर जातं. हवं 25 ते 27. दिव्याची वेळ सरळ दुपारी 3 ते रात्री 12 करा, त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा तास चढ-उताराचा. झोआला घड्याळ कळत नाही, आणि घरच्यांनाही रात्री जेवणानंतर टाकी बघायला मिळते. पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. पावसाळ्यात हवाच दमट, पंखा फिरतो पण पारा उतरत नाही. तेव्हा चिलरला पर्याय नाही. पावसात लाईट जाते ती झोआला एक-दोन दिवस काही करत नाही, पण पाण्याची हालचाल थांबली की माशांचा जीव जातो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ हवाच. खाऱ्या हवेने दिव्याचा पंखा गंजतो आणि काचेवर मिठाचा पापुद्रा धरून पार गुपचूप घसरतो. ओल्या फडक्याने दर आठवड्याला पुसा, पण दिवा बंद करून. चवथीला गावच्या घरी आठ-दहा दिवस जाणार असाल तर दिवा टायमरवर आणि घटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय महिनाभर आधी चालवून बघा, आदल्या रात्री नव्हे.

जूननंतर किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणू नका. मांडवी-जुवारीचं गोडं आणि गढूळ पाणी त्यात मिसळलेलं असतं. आरओ पाण्यात मीठ कालवून 1.025 घनता राखा. नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्ट नको, 5 ते 10 पीपीएमला झोआ जास्त खूश असतात. समुद्रातला खडक फोडून प्रवाळ आणणं तर नाहीच. खडक घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, आणि खडकावर काय काय चिकटलंय ते नवख्याला ओळखता येत नाही.

तुकडे कापताना पॅलिटॉक्सिन विसरू नका. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ नावाच्या गटात, हे जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घाला, ब्लेडने खडकाच्या कडेने पॉलिपांना जोडणारी चटई सोलवटा, तुकडा जेलवाल्या सुपरग्लूने प्लगवर, म्हणजे तुकडा बसवायच्या छोट्या बैठकीवर, चिकटवा. कापताना वापरलेलं पाणी टाकीत परत ओतू नका. झोआ लागलेला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं. बोटाला साधी चीर असेल तर त्या दिवशी कापाकापी नाही.