थीसिसची अनुक्रमणिका वर्डमध्ये कशी करायची (टिंबं हाताने न टाईपता)

सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक पीएचडीवाल्यांचं सबमिशन शिवाजी विद्यापीठात, म्हणजे कोल्हापूरला, आणि तारीख जवळ आली की सांगलीच्या विश्रामबागेत पेनड्राइव्ह घेऊन प्रिंट-बाइंडिंगसाठी पळापळ सुरू होते. तिथं बघा एकदा उभं राहून. प्रकरणं लिहून झालेली, संदर्भसूची झालेली, आणि अनुक्रमणिका मात्र टिंबाचं बटण दाबून धरून पान नंबरपर्यंत ओढत नेलेली, एक नंबर पुढं एक मागं. त्यात गाईडनी सांगितलं की तिसऱ्या प्रकरणात अजून एक तक्ता घाला, की तिथून पुढचे सगळे नंबर चुकले, बसा परत मोजत.

हे सगळं वर्ड स्वतः करतं, आपण फक्त त्याला शीर्षक कुठलं ते सांगायचं असतं. मी इथं कॉम्प्युटरवरचं वर्ड धरून सांगतोय, मोबाईलवर हे करायला जाऊ नका, डोकं फिरेल. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात बसवा: तयार झालेल्या अनुक्रमणिकेत थेट बोल्ड, साईज, स्पेस असलं काही करायचं नाही, कारण अपडेट मारलं की ते सगळं उडून जातं. जे करायचं ते स्टाईलमध्ये, म्हणजे शीर्षक-मजकूर कसा दिसावा याच्या वर्डमधल्या साच्यात.

आधी हेडिंग. समजा विषय आहे सांगलीची हळद बाजारपेठ. "प्रकरण ३ हळदीची साठवणूक" हे हेडिंग १, त्याखाली "३.१ हरिपूरची पेवं" (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) हे हेडिंग २, आणि त्याच्याही खाली "३.१.१ पेवाची रचना" हे हेडिंग ३. ओळीवर कर्सर ठेवायचा आणि होम टॅबमधल्या स्टाईल्समधून ते ते हेडिंग द्यायचं, नाहीतर कंट्रोल, ऑल्ट आणि १, २ किंवा ३ दाबायचं. नुसतं बोल्ड करून साईज वाढवली तर तुम्हाला ते शीर्षक दिसेल पण वर्डच्या लेखी तो साधा पॅराच, अनुक्रमणिकेत येणारच नाही. हेडिंगचा निळा रंग नको असेल तर स्टाईलवर राइट क्लिक करून मॉडिफाय, तिथं एकदा काळा केला की सगळीकडं काळा. नंबर पण हाताने नका घालू, मल्टिलेव्हल लिस्टमध्ये हेडिंग १, हेडिंग २ लिहिलेला नमुना असतो तो घ्या, आणि त्यात नंबरच्या आधी "प्रकरण" हा शब्द टाईप करून ठेवता येतो, मग मधलं एखादं प्रकरण काढलं तरी पुढचे नंबर आपोआप सरकतात.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचं खास दुखणं, इंग्रजी व्हिडिओ बघून हे कळत नाही. स्टाईलमध्ये साईज १६ केली तरी मराठी हेडिंग जागचं हलत नाही, आणि मधला एखादा इंग्रजी शब्द तेवढा मोठा होतो. कारण वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतं आणि तिचा फॉन्ट, साईज वेगळी सांभाळतं. मॉडिफायमध्ये खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट, त्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा कप्पा असतो, साईज आणि बोल्ड तिथं बदला. कप्पाच दिसत नसेल तर फाईल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडा आणि वर्ड बंद करून परत उघडा.

दुसरं दुखणं श्रीलिपी आणि कृतिदेवचं. बरेच जण अजून टायपिंग बाहेरून करून घेतात आणि तिथं जुनेच फॉन्ट चालतात. त्या फाईलमध्ये मुळात साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त ती मराठी करून दाखवतो. अनुक्रमणिका काढली की तिचा फॉन्ट वेगळा, त्यामुळं तिथं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस घाबरतो की फाईलच करप्ट झाली. झालेली नसते, अनुक्रमणिकेच्या स्टाईलला तोच जुना फॉन्ट दिला की मराठी दिसतं. पण माझं म्हणाल तर टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं त्या पद्धतीत, करून घ्या, कारण शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) पीडीएफ चढल्यावर जुन्या फॉन्टमधला मराठी शब्द सर्च करून सापडत नाही, मग एवढं लिहिलेलं शोधणार कोण?

पान नंबर. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना छोटे रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १, ही बहुतेक ठिकाणची पद्धत. त्यासाठी पहिल्या प्रकरणाच्या आधी लेआउट, ब्रेक्स, सेक्शन ब्रेकमधला नेक्स्ट पेज. साधा पेज ब्रेक चालत नाही. मग प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या फूटरमध्ये डबल क्लिक करून लिंक टू प्रिव्हियस बंद करायचं, आणि पेज नंबर फॉरमॅटमध्ये स्टार्ट ॲट १. लिंक बंद न करताच फूटरमध्ये काही काढायला-घालायला गेलं की मागच्या पानांचा फूटर पण बदलतो आणि मग वर्डला शिव्या.

एवढं झालं की अनुक्रमणिका म्हणजे दोन मिनिटांचं काम. कर्सर जागेवर ठेवा, रेफरन्सेस, टेबल ऑफ कंटेंट्स, कस्टम. लेव्हल ३ ठेवा, राइट अलाइनला टिक, टॅब लीडरमध्ये टिंबं, ओके. ऋणनिर्देशासारखी पानं यादीत पाहिजेत पण "प्रकरण" हा शब्द आणि नंबर नको, तर त्यांच्यासाठी नॉर्मलवरून वेगळी स्टाईल बनवा आणि याच खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये तिच्यासमोर १ लिहा.

याच खिडकीत मॉडिफाय आहे, तिथं टीओसी (टेबल ऑफ कंटेंट्स) १, टीओसी २, टीओसी ३ अशा स्टाईल्स असतात, अनुक्रमणिकेचं दिसणं सगळं त्यांच्यावर. मराठी शीर्षकं लांबलचक असतात, "सांगली जिल्ह्यातील हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास" असलं काहीतरी, ते पान नंबरला जाऊन धडकतं आणि दुसरी ओळ पार डावीकडं नंबरखाली येते. त्याला उपाय असा की त्या स्टाईलच्या पॅराग्राफमध्ये हँगिंग इंडेंट द्यायचा, उजवा इंडेंट दीड सेंटीमीटर द्यायचा, आणि टॅब्जमध्ये राइट टॅब मात्र मजकुराच्या उजव्या कडेवर ठेवायचा. ही कड कुठं? ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद, बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच म्हणजे ३.८१ सोडले, उजवीकडं एक इंच म्हणजे २.५४, राहिले १४.६५. टॅब १४.६५ ला, राइट, लीडर टिंबांचा. तुमचे मार्जिन वेगळे असतील तर तुमची वजाबाकी करा. तिन्ही लेव्हलला हाच टॅब दिला की पान नंबर एका रेषेत येतात, मग ओळंबा लावून बघा हवं तर.

मजकुरात काहीही बदललं की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९. दोन पर्याय विचारतो, नेहमी अपडेट एंटायर टेबलच घ्या, नुसते पान नंबर घेतले तर बदललेलं शीर्षक जुनंच राहतं. नंबरच्या जागी "एरर, बुकमार्क नॉट डिफाइन्ड" आलं तर बहुतेक ते हेडिंग काढलंय आणि यादी जुनी आहे, त्यालाही हेच औषध. अख्खा पॅरा किंवा आलेखच अनुक्रमणिकेत येऊन बसला असेल तर चुकून त्याला हेडिंग स्टाईल लागलीय, मूळ जागी जाऊन नॉर्मल करा.

तक्ते आणि आकृत्यांची यादी पण अशीच. रेफरन्सेसमधल्याच इन्सर्ट कॅप्शनमध्ये न्यू लेबल करून "तक्ता" आणि "आकृती" अशी नावं बनवा, प्रत्येक तक्त्याला तिथूनच क्रमांक द्या, आणि शेवटी इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्समध्ये लेबल निवडा.

प्रिंटला जाताना वर्डची फाईल नेऊ नका. दुकानातल्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात, पानं वाढतात आणि यादी परत खोटी. घरीच एफ ९ मारून पीडीएफ करा, सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क बनवायला टिक करा, पीडीएफच्या बाजूला सगळी प्रकरणं दिसतात. शोधगंगेसाठी प्रकरणवार वेगळ्या फाईली लागतात, त्या या एकाच पीडीएफमधून कापून काढा, वर्डची फाईल तोडून नव्हे, नाहीतर चौथं प्रकरण परत पान १ पासून सुरू झालेलं असेल.