जळगावच्या उन्हाळ्यात प्रवाळ-टाकीतील शेवाळ कसे आटोक्यात आणले

जळगावात मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो आणि प्रवाळांच्या टाकीतील पाणी झपाट्याने आटते. मात्र वाफेबरोबर क्षार बाहेर पडत नाहीत, त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी ओतलेल्या भरीच्या पाण्यातून येणारे नायट्रेट आणि फॉस्फेट आत साचत जातात, आणि त्यांवरच शेवाळ पोसते. केसाळ हिरवे शेवाळ खडकांवर पसरू लागताच मी टाकीतल्या पाण्याआधी भरीचे बोअरचे पाणी तपासले. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट चालते, प्रवाळांना मात्र 10 च्या आत असलेले बरे. तेव्हा माणसांना चालणारे पाणी टाकीलाही चालेल, हे गृहीत धरण्यात अर्थ नव्हता.

म्हणून भरीसाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारे पाणीच वापरू लागलो. शेवाळ हाताने उपटले, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र) स्वच्छ ठेवला आणि मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत कीटोमॉर्फा ही हिरवी, तंतुमय शेवाळवनस्पती मुद्दाम वाढवून तिची नियमित छाटणी केली, कारण तिने शोषलेली पोषकद्रव्ये छाटणीबरोबरच बाहेर जातात. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम बेतानेच वापरले. फॉस्फेट एकदम शून्यावर आणल्यास प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जिवांना रान मोकळे मिळते, जे माझ्या मते शेवाळापेक्षा अधिक चिवट. फॉस्फेट लिटरमागे 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमदरम्यान स्थिरावल्यावरच उरलेसुरले खरवडण्यासाठी टर्बो गोगलगायी सोडल्या.