होमस्कूलिंगमध्ये सहावी ते आठवीच्या फिजिक्सची पुस्तकं घेताय? या चुका टाळा

मुलगी सहावीच्या वयाची झाली तेव्हा मी अप्पा बळवंत चौकात जाऊन एका दमात फिजिक्सची नऊ पुस्तकं उचलून आणली. त्यातली दोनच शेवटपर्यंत वापरली, बाकीची अजून माळ्यावर आहेत.

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात, पुढच्या इयत्तांचं जाडजूड पुस्तक आधीच आणून ठेवायचं. एचसी वर्मांचं पुस्तक भारीच आहे, वाद नाही, पण ते अकरावी-बारावीचं आहे, त्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलस लागतं आणि इथे पोराचं गुणोत्तर-प्रमाण अजून डळमळीत. मग होतं काय, समजलं काहीच नाही पण फॉर्म्युले पाठ. घ्यायचंच असेल तर स्वतःसाठी घ्या, खरंच, पोराने "का?" विचारलं की रात्री गुपचूप उघडून बघायला बरं पडतं.

दुसरी चूक शब्दांची, आणि हिने आमचे दोन आठवडे खाल्ले. बालभारतीत उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण (मधे कशाचीही मदत न घेता उष्णता येते ते, जशी सूर्याची) असतं, आणि विकिरण म्हणजे प्रकाश विखुरणं, आकाश निळं का दिसतं तो धडा. हिंदी पुस्तकात मात्र प्रारणालाच विकिरण म्हणतात. मुलगी दोन्ही वाचत होती आणि मला विचारते, आई सूर्याची उष्णता विखुरून येते का गं? मी आधी तिलाच रागावले. तसंच वस्तुमानाचं हिंदीत द्रव्यमान होतं, घनतेचं घनत्व, आणि जुन्या मराठी पुस्तकातलं वक्रीभवन (प्रकाशाचं वाकणं) म्हणजेच आताचं अपवर्तन. म्हणून मुख्य पुस्तक एकच ठरवा, बालभारती किंवा एनसीईआरटी, दोन्हीच्या पीडीएफ फुकट मिळतात, आणि वहीच्या मागच्या पानावर मराठी-हिंदी-इंग्रजी शब्दांचा तक्ता पोरालाच करायला लावा.

अमेरिकेतले होमस्कूलचे रंगीत सेट बघून भुलायला होतं, मीही भुलले. पण बऱ्याच ठिकाणी फूट, पाउंड, फॅरनहाइट, म्हणजे अर्धा वेळ रूपांतरातच जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या घरात वीज 120 व्होल्टची आणि आपल्याकडे 230 ची, त्यामुळे प्लगला काहीही जोडायचा प्रयोग दिसला की ते पान सरळ सोडा. दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायर एवढ्यात आठवीपर्यंतची वीज आरामात होते.

आता खरा मुद्दा, छापलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालणं. मी आता कुठलंही पुस्तक घेण्याआधी त्यात दोन प्रयोग आहेत का ते शोधते. एक, ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वरून ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. पुस्तकात "हवेतला 21 टक्के ऑक्सिजन संपला म्हणून तेवढंच पाणी चढलं" असं असेल तर लेखकाने प्रयोग करून पाहिलेला नाही असं मी समजते. एका ऐवजी तीन मेणबत्त्या लावा, ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं, आणि ते मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढतं, कारण आतली तापलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते.

दुसरा प्रयोग, बाटलीला एकाखाली एक तीन भोकं. चित्रात सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडलेली दाखवतात. खाली दाब जास्त आणि धारेचा वेगही जास्त हे बरोबरच, पण बाटली टेबलावर ठेवली असेल तर त्या धारेला खाली पडायला वेळच मिळत नाही, ती लगेच टेबलावर आपटते आणि मधली धार लांब जाते. बाटली उंच स्टुलावर ठेवा, मग चित्रासारखं होतं. आमच्याकडे बाथरूममध्ये हे तासभर चाललं होतं, फरशी पुसायला कोणी आलं नाही ती गोष्ट वेगळी.

जुनी सेकंडहँड पुस्तकं वाईट नसतात, भिंग-आरसे काय बदलत नाहीत. फक्त डाइन, अर्ग वगैरे जुनी एककं दिसली तर ती तपासा, आणि किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा असं लिहिलं असेल तर ते 20 मे 2019 ला बदललंय, आता तो प्लँकच्या स्थिरांकावरून (निसर्गातला एक कधीच न बदलणारा आकडा) ठरतो, एवढं पेन्सिलीने बाजूला लिहून टाका.

आणि पुस्तक नीट निवडूनही गाडी अडली तर लगेच दुसरं विकत आणू नका. आमची घनतेवर अडली होती. तिला आठवीचा नाही तर पाचवीचा धडा लागत होता, आकारमान म्हणजे काय तेच पक्कं नव्हतं. खालच्या इयत्तेची पीडीएफ उघडली, मोजपात्र म्हणून खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण घेतलं, बटाट्याचे तुकडे पाण्यात बुडवले आणि चार दिवसांत ती परत मूळ धड्यावर आली.