खुराड्याभोवती जाळीची झालर

मोकाट कुत्री खुराड्याचं दार फोडत बसत नाहीत, कडेची माती उकरून आत शिरतात. आमच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, अशाच गेल्या, फार जिवाला लागलं. मग खुराड्याबाहेर चहूकडे दीड फूट रुंद वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली टणक जाळी) जमिनीवर आडवी अंथरली, खुराड्याच्या जाळीला तारेने घट्ट बांधली, वर माती आणि चिरे टाकले. कुत्रं अगदी कडेलाच उकरतं. मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. षटकोनी चिकनजाळीवर विसंबू नका, कुत्री ती दातांनी फाडतात. मुंगसासाठी तर अर्ध्या इंचाच्या भोकांचीच जाळी हवी, झरोक्यालाही. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घेते, कारण दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत येतात, तेव्हाच मोजून कडी लावायची.